आपण आहोत

१

संग्रहालयात त्याला सगळे शुद्धलेखन म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट आतून बरंच वाटे. शिपायानं 'पाणि' असं लिहून टांगलेली पाटी त्यानं एकदा भर उन्हात शिडी लावून उतरवली होती आणि वेलांटी दुरुस्त करून पुन्हा टांगली होती. अशा माणसाला लोक दुसरं काय नाव ठेवणार?

पदानं तो लेखनिक होता. पाहणीवाल्या मुलीनं पाणथळात नावेतून हिंडायचं, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करून आणायच्या, आणि यानं कानाला हेडफोन लावून त्या शब्दन् शब्द टाइप करायच्या, असं दोन वर्षं चाललं होतं. त्यासाठी त्याला जिन्याखालची एक खोली मिळाली होती. तिला खिडकी नव्हती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारही भिंतींना बोरूच्या चटया ठोकल्या होत्या, आणि दार लावलं की त्या चटयांचा सुका वास हळूहळू खोलीभर होई.

'पाणथळातली माणसं' नावाचं नवं दालन उघडायचं होतं. संचालकबाईंनी त्यासाठी तीन रंग ठरवले होते. हिरवा काठवाल्यांचा, म्हणजे ज्यांची काठावर शेतं आणि पक्की घरं. पिवळा बोरूवाल्यांचा, म्हणजे जे दलदलीत माचांवर घरं बांधून राहतात आणि बोरूचं उंच गवत कापून चटया विणतात. निळा खाऱ्यांचा. त्यांचे आजे-पणजे समुद्राच्या अंगानं मचवे घेऊन मीठ विकायला आले आणि विकता विकता इथलेच झाले. तीन रंग, तीन भिंती, सगळं कसं छान नीटनेटकं!

अडचण एवढीच होती की रेकॉर्डिंगमधली माणसं रंगात मावत नव्हती. "आजा खारा, आजी बोरूतली, आई काठावरची. आता मी कोण ते तुम्हीच लिहा की," असं एक म्हातारा खो खो हसत म्हणाला होता. खाऱ्यांची वल्ही मारायची गाणी बोरूवाल्या बायका विणताना म्हणत, आणि बोरूवाल्यांच्या शिव्या काठावरच्या सभ्य तोंडांतून सर्रास ऐकू येत. अशा मिसळलेल्या माणसाला पाणथळात एक शब्द होता, गढूळ. शाळेच्या मैदानावर तो दगडासारखा फेकून मारत. बाईंनी तो दालनातून हद्दपार केला होता, पण 'समाज' हा रकाना ठेवला होता, आणि त्यात एकच शब्द भरायचं काम शुद्धलेखनचं होतं. त्याच्या स्वतःच्या नोकरीच्या कागदावर त्या रकान्यात 'काठवाला' असं लिहिलेलं होतं, अगदी वळणदार अक्षरात.

त्या दिवशी सकाळी त्यानं एक्केचाळिसावं रेकॉर्डिंग लावलं. सुरुवात नेहमीचीच होती. वल्ह्याचा आवाज, शिडी चढताना मुलीला लागलेली धाप, आणि मग तिनं मारलेली हाक, "कोण आहे?"

बोरूच्या घराला दार नसतं, दाराच्या जागी चटई लोंबते. ठोठावणार काय? म्हणून बाहेरच्यानंच विचारायचं, कोण आहे, आणि आतल्यानं उत्तर द्यायचं. बाहेरचा परका असला तर 'आम्ही आहोत'. म्हणजे तुम्ही तिथेच थांबा, मी येते. बाहेरचा घरातलाच असला तर 'आपण आहोत'. म्हणजे ये, तुला धरूनच मोजलंय. चाळीस रेकॉर्डिंगांत त्या मुलीनं चाळीस वेळा 'आम्ही आहोत' ऐकलं होतं. त्यात अपमान काही नाही, रीतच तशी.

एक्केचाळिसाव्यात आतून एका म्हातारीचा आवाज आला, "आपण आहोत."

त्याची बोटं थांबली. बोरूवाली माणसं इतर हजार चुका करतील, पण ही नाही. त्यांचं तीन वर्षांचं पोरही ही चूक करत नाही. त्यानं मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. मुलगी आपली भाबडेपणानं "येऊ का?" म्हणाली आणि चटई सरकली. पुढे तिनं विचारलं, "आजी, घरात कोण कोण असतं?"

"मी नि माझा लेक."

आणि मागे कुठेतरी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एक पुरुष खाकरला. आधी आखूड, मग लांब, आणि शेवटी एक 'हं'.

शुद्धलेखननं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्या खाकरण्यावरून त्याच्या बायकोला तो जिना चढतोय हे दोन मजले वरून कळत असे. आणि म्हातारीचा आवाज त्याच्या आईचा होता. आई जाऊन चार वर्षं झाली होती.

२

माणूस शहाणा असला की स्वतःची समजूत घालण्यात मोठा वाकबगार असतो. रेकॉर्डिंग जुनं असेल, तारीख चुकली असेल. बोरूतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचा आवाज पाण्यानं तसाच बसतो. खाकरण्याचं तर काय, जगात घसा काय आपल्या एकट्यालाच आहे? त्यानं पाच मिनिटांत अशी चार उत्तरं तयार केली आणि एकावरही विश्वास न ठेवता तो चहाच्या टेबलाकडे गेला.

पाहणीवाली मुलगी तिथे ओले बूट वर्तमानपत्रावर वाळत घालून बसली होती.

"एक्केचाळीस कधीचं गं?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मागच्या महिन्यातलं. का हो? आवाज नाही नीट?"

"नीट आहे. म्हातारी... बरी आहे ना?"

"ठणठणीत! मला उठूच देईना. आणि काका, गंमत सांगू? तिचा मुलगा अगदी तुमच्यासारखा. म्हणजे उन्हानं रापलेला, हातांना भेगा, पण खाली बघायची ढब सेम टु सेम. फक्त बोलतो मात्र पक्कं बोरूतलं. तुम्ही ऐकलंत तर बिचाऱ्याच्या वेलांट्या सुधारत बसाल."

ती हसली. तोही हसला. त्यानं कप खाली ठेवला.

"कुठे राहते ती?"

"तिठ्याच्या चराला डावीकडे वळायचं, मग शेवटचा माच. तिथून पुढे नुसता बोरू. तुम्हाला का एवढी चौकशी? कधी नव्हे ते."

"टीप द्यावी लागते," तो म्हणाला. "स्थळाची."

खोटं बोलताना त्याची भाषा आणखीच शुद्ध होत असे. ही सवय त्याला फार जुनी होती.

३

घरी जेवताना त्याचं लक्ष पानात नव्हतं. बायको दोनदा म्हणाली, "अहो, घ्या ना," तेव्हा त्यानं घेतलं. मग ती मध्येच थांबून त्याच्याकडे बघायला लागली.

"तुम्हाला बरं नाही का?"

"का?"

"आज जिन्यात खाकरला नाहीत. आल्यापासून एकदाही नाही."

"मी तर दचकलेच," त्याची मुलगी म्हणाली. "दारात एकदम बाबा! शिट्टी न वाजवता ट्रेन आल्यासारखं." आणि तिनं त्याची नक्कल केली, आखूड, लांब, हं. दोघी हसल्या.

त्यानं खाकरून पाहिलं. घशातून नुसती हवा आली. पाणी प्यायला, पुन्हा पाहिलं. घसा स्वच्छ होता, रिकाम्या नळासारखा.

"जाऊ दे, बरंच झालं," बायको म्हणाली.

या दोघींना त्यानं सांगितलं होतं की आपले आईवडील काठावरचे, आपण लहान असतानाच दोघं तापात गेले. वडिलांपुरतं ते खरं होतं. आई मात्र बोरूत चटया विणत होती आणि दर महिन्याला नावाड्याच्या हाती 'लेक कसा आहे' असं विचारून पाठवत होती. नावाडी त्याला काठावर गाठायचा. तो इकडेतिकडे बघत "बरा आहे म्हणावं" एवढंच सांगायचा.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी ती संग्रहालयातच आली. डोक्यावर चटयांचा भारा, पदराची कड ओली, पाय अनवाणी. शिपायाला ती म्हणत होती, "माझा ल्..." आणि तेवढ्यात तो बाहेर आला. त्याच्या मागे संचालकबाई होत्या. त्यानं आईचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"आमच्याकडे चटया आणून देते ही," तो म्हणाला.

आईनं त्याच्याकडे एक क्षण पाहिलं. मग ती त्याच्याहूनही पटकन सावरली. "हो साहेब," ती म्हणाली, "चटया. चांगल्या आहेत."

बाईंना चटया आवडल्या. जिन्याखालची खोली तेव्हाच आवाजबंद करून घ्यायची होती, तिच्यासाठी हव्याच होत्या. आईनं त्या सबंध दुपारी एकटीनं स्टुलावर चढून भिंतींना ठोकल्या. तो खोलीवरून दोनदा गेला, हातात कागद धरून, घाईत असल्यासारखा. तिनं दोन्ही वेळा वळून पाहिलं नाही. जाताना तिनं बाईंना नमस्कार केला आणि त्यालाही केला.

म्हणजे रोज सकाळी दहा ते सहा तो आईच्या हातच्या विणीत बसत होता, आणि त्या वासाचं त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. आज पहिल्यांदा त्याला त्याची लाज वाटली. जेवण टाकून तो उठला आणि मोरीत जाऊन उगाचच हात धूत राहिला. चार वर्षांपूर्वी नावाडी आई गेल्याचं सांगायला घरापर्यंत आला होता, तेव्हा आत मेहुणे बसले होते. दारातच तो नावाड्याला म्हणाला होता, "कळवलंत, बरं केलंत." आणि आत येऊन, "पत्ता विचारत होता कुणीतरी." मग त्यानं मेहुण्यांना आणखी चहा ओतला होता. न सांडता ओतला होता, हे त्याला आता आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेलं रेकॉर्डिंग लावलं. दार आतून लावून घेतलं. पाहणीवाली मुलगी आता म्हातारीच्या लेकाला प्रश्न विचारत होती.

"तुम्ही कधी काठावर नाही गेलात राहायला? शिकायला वगैरे?"

"जाणार होतो की," तो आवाज म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण सैल, ओला, शब्दांची टोकं खाल्लेला. लहानपणी तोही असाच बोलायचा. "बारा वर्षांचा होतो. नाव तयार होती, पेटी ठेवली होती. आई चटईच्या आत उभी होती. मी एकदा मागं बघितलं नि उतरलो नावेतून. म्हटलं, नको. मग काय, इथंच."

लेखनिकानं टाइप करणं कधीच थांबवलं होतं. ती पेटी पत्र्याची होती. झाकणाला सुतळी बांधलेली होती. तो मात्र मागे बघितल्याशिवाय गेला होता, कारण मागे बघितलं तर रडू येईल आणि नावेतली काठवाल्यांची पोरं हसतील अशी त्याला भीती होती.

"पस्तावलात कधी?" मुलीनं विचारलं.

"पस्तावायला काय झालं? आई आहे ना."

इतक्यात दारावर टकटक झाली. त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन गळ्यात ओढला आणि दार उघडलं. संचालकबाई हसतमुखानं उभ्या होत्या, हातात एक लिफाफा.

"दालनप्रमुख म्हणून तुमचं नाव पाठवतेय. म्हटलं, आधी तुम्हालाच सांगावं. काठवाल्यांत इतकं चोख बोलणारा माणूस आता शोधून सापडत नाही." त्यांची नजर पडद्याकडे गेली. "हे एक्केचाळीस ना? मी काल थोडं ऐकलं. अहो, मला तो आवाज ओळखीचा वाटला. पूर्वी एक चटईवाली आली होती... या भिंतींच्या चटया तिच्याच. तुम्हाला शोधत होती ती, असं शिपाई तेव्हा म्हणाला होता. तीच का ही? तुमच्या ओळखीची आहे का कुणी?"

काय सोपा प्रश्न होता! उत्तर फक्त दोन अक्षरी होतं. आई. बाई काही वाघ नव्हत्या. फार तर भुवया उंचावल्या असत्या, रकाना बदलला असता, लिफाफा कदाचित दोन महिने लांबला असता. हे सगळं त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. तोंड उघडलं, आणि जीभ आपली सरावाच्या वाटेनं गेली.

"छे," तो म्हणाला. "मी नाही हिला ओळखत."

"बरं बरं. माझीच गफलत," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानं दार लावलं. कान तापले होते. निदान काम तरी पुरं करावं म्हणून त्यानं हेडफोन चढवला आणि जिथे थांबवलं होतं तिथून पुढे चालू केलं.

थोडा वेळ काहीच आलं नाही. नुसतं माचाखालचं पाणी. मग आई अगदी हळू, मुलीला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो आवाज म्हणाला.

आणि लगेच मुलगी नेहमीच्या उत्साहानं विचारू लागली की चटईला किती बोरू लागतो.

५

त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा रजेच्या अर्जात त्यानं कारण लिहिलं नाही. दुपारचं स्वच्छ ऊन होतं आणि घाटावर एकच नाव होती. नावाडी त्याच्या ओळखीचा नव्हता, पंचविशीतला होता. बोरूवाली माणसं नावेच्या तळाशी बसतात. आडवी फळी असते ती परक्यांसाठी. तो खाली बसायला गेला तर नावाड्यानं त्याला थांबवलं.

"पाहुणे, फळीवर बसा. कपडे भिजतील."

"भिजू दे. मी इथलाच आहे."

नावाडी अदबीनं हसला. "हो, हो. येणारे सगळेच म्हणतात तसं."

तो फळीवर बसला. रस्ताभर तो मनाशी शब्द जुळवत होता. आई, मी आलो. आई, मी त्या दिवशी खोटं बोललो. नंतरही बोललो, आजही बोललो. बोरूतल्या बोलीत जुळवायला जावं तर प्रत्येक वाक्य जिभेवर येईपर्यंत इस्त्री होऊन येई. त्याला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीहून एक आशा मोठी होती, आणि तीच त्याला ओढत होती: एक्केचाळिसाव्याच्या सुरुवातीला ती 'आपण आहोत' म्हणाली होती. त्या मुलीला ती तसं म्हणणं शक्य नव्हतं. मग कुणाला म्हणाली? ऐकणारा तर दुसरा कुणी नव्हताच.

तिठ्याचा चर, डावीकडचं वळण, आणि मग शेवटचा माच. चार वर्षं कुणी न राहिलेलं बोरूचं घर एका पावसाळ्यात बसतं. इथे चार खांब उभे असले तरी नशीब, असं त्यानं मनाशी धरलं होतं. पण घर उभं होतं. छपराला ताजा बोरू घातलेला होता. दारातली चटई इतकी नवी होती की तिच्या कडेला अजून हिरवट झाक होती.

तो शिडी चढला. आतून बोरू चिरण्याचा आवाज येत होता. एक चिरणारा असला की मध्ये खंड पडतो. इथे खंड पडत नव्हता, दोघं बसलेली होती. चटईच्या कडेला बोटभर फट होती. त्यानं तिथे डोळा लावला नाही, पण दिसायचं ते दिसलंच. आईची पाठ. मानेवर तोच लिंबाएवढा अंबाडा. तिच्यासमोर कुणी पुरुष मांडी घालून बसलेला, आणि तिच्या आड त्याचा चेहरा झाकलेला. खाली वाकला की त्याच्या टाळूवरचं विरळ झालेलं वर्तुळ दिसे. आपल्या डोक्यावर तिथेच तसलं वर्तुळ आहे हे याला न्हाव्याच्या दोन आरशांमुळे ठाऊक होतं.

त्यानं हाक मारली. आवाज फुटका आला.

"कोण आहे?"

चिरणं थांबलं. त्या पुरुषानं डोकं वर उचलायला सुरुवात केली. तेवढ्यात आईनं हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, तू बस म्हटल्यासारखा, आणि तो पुन्हा खाली वाकला. आई वळली नाही.

"आम्ही आहोत," ती म्हणाली.

ऊन होतं तसंच होतं. दूर नावाडी वल्हं आपटून शेवाळ झाडत होता. हे ऐकल्यावर वाट चुकून दारी आलेल्या परक्यानं एकच शब्द बोलायचा असतो आणि मागे फिरायचं असतं. लहानपणी त्यानं तो शब्द शेकडो माणसांच्या तोंडून ऐकला होता, चटईच्या आतल्या बाजूनं, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. नावेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आता आठवेना. तो एकच शब्द उरला होता, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्या शब्दात मावत होतं.

"चुकलो," तो म्हणाला. मग रडू दाबत पुन्हा म्हणाला, "चुकलो, आई."

आत बोरू चिरायला पुन्हा सुरुवात झाली.

"असू द्या हो," आई म्हणाली. वाट चुकलेल्या कुणाही माणसाशी बोलावं तसा तिचा आवाज मऊ होता. "नवख्या माणसाचं होतं तसं. उतरताना तेवढं जपा, शिडी ओली आहे."

तो जपून उतरला.